मंजूर पैसे वेळेत मिळावेत म्हणून: कोल्हापूर ते दिल्ली, अकरा महिन्यांचा अनुभव

२०२४ च्या ११ ऑगस्टला, रविवारी दुपारी, आमच्या संघटनेची नेहमीची बैठक होती. संघटना म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा भागातले वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक, पीएचडी करणारी मुलं आणि दोन-तीन निवृत्त सर, असे मिळून साठ-पासष्ट जण. वर्षाला एक परिसंवाद, पावसाळ्यात दोन फिल्ड ट्रिपा आणि हर्बेरियमची, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाची, थोडीफार कामं, एवढाच व्याप. त्या दिवशी विषय होता पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर कधी जायचं हा. सगळे तारखा सांगत होते आणि माझ्या प्रोजेक्टवरची जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलो) मुलगी गप्प बसली होती. मी विचारलं, तुला कोणता रविवार जमतो? तर म्हणाली, "मॅडम, मी नाही येत, क्लासवर तास घेते मी रविवारी." राजारामपुरीत एका खासगी क्लासवर ती अकरावीच्या मुलांना बायोलॉजी शिकवायला लागली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. जानेवारीपासून, म्हणजे सात महिने, तिची फेलोशिप आली नव्हती.

हे मला माहीत होतं, म्हणजे "अजून आली नाही" हे माहीत होतं, पण सात महिने म्हणजे खोलीचं भाडं, मेसचे पैसे, घरी काय सांगायचं, हे सगळं मी मोजलंच नव्हतं. कागदावर जेआरएफला महिन्याला ३७ हजार आणि वर घरभाडे भत्ता आहे, १ जानेवारी २०२३ पासून वाढलेला दर आहे तो, त्याआधी ३१ हजार होता. ही वाढ पण देशभरातल्या रिसर्च करणाऱ्या मुलांनी वर्षानुवर्षं निवेदनं देऊन, आंदोलनं करून मिळवलेली. पण वाढलेला आकडा खात्यावर जमाच होत नसेल तर तो एकतीस काय नि सदतीस काय.

आमच्या विषयात आणखी एक गोष्ट आहे, ती बाहेरच्यांना पटकन लक्षात येत नाही. पठारावरच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळांवर, फुलं येतात ती साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर. कंदीलपुष्पाच्या काही जाती तर इतक्या थोड्या दिवसांसाठी दिसतात की पंधरा दिवस चुकले की वर्ष चुकलं. तीन वर्षांच्या प्रोजेक्टला तीनच पावसाळे असतात. पैसे जूनऐवजी डिसेंबरला आले तर हिशेबाच्या वहीत ते आलेलेच असतात, पण पावसाळा परत येत नाही. हे वाक्य मी त्या दिवशी बैठकीत रागानं बोलले आणि पुढं अकरा महिने आमची सगळी धडपड त्या एका वाक्याभोवतीच फिरली.

त्याच आठवड्यात सगळ्यांच्या तोंडी एक ताजी बातमी होती. जुलै २०२४ च्या बजेटमध्ये प्रयोगशाळेतल्या रसायनांवरची कस्टम ड्युटी १० टक्क्यांवरून थेट १५० टक्के केली होती, देशभरातल्या शास्त्रज्ञांनी एकच ओरड केली, आणि दोनेक आठवड्यांत सरकारनं प्रयोगशाळेच्या स्वतःच्या वापरासाठी ती परत १० टक्क्यांवर आणली. आमचे एक निवृत्त सर म्हणाले, "बघा, बोललं की ऐकतात. आपण बोलतच नाही." मला ते लागलं. कारण आपल्याकडं शास्त्रज्ञानं पैशाबद्दल बोलणं म्हणजे हात पसरणं असं मानतात, मी पण तसंच मानत होते. आपण पेपर लिहावेत, पैसे वरचे लोक बघतील.

त्याच बैठकीत पाच जणांची समिती ठरली. मी, दुसऱ्या कॉलेजमधली माझी एक मैत्रीण, ते निवृत्त सर, अकाउंट्स कळणारे एक प्राध्यापक आणि ती जेआरएफ. तिला घ्यायचंच असा मी हट्ट धरला.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण याबद्दल फोन करून विचारणारे जास्त आहेत. सरकारी किंवा अनुदानित नोकरीतल्या माणसानं स्वतःच्या सेवेच्या प्रश्नासाठी राजकीय वजन वापरणं नियमात बसत नाही. म्हणून हे सगळं संघटनेच्या नावानं केलं, संघटनेच्या लेटरहेडवर, अध्यक्षांच्या सहीनं, ठराव करून. संघटना १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेली होती, पण चेंज रिपोर्ट (पदाधिकारी बदलल्याची नोंद) दोन वर्षं मागे होता, तो आधी पूर्ण केला, त्यात तीन आठवडे गेले. मी आणि मैत्रिणीनं आपापल्या प्राचार्यांना लेखी कळवून ठेवलं. प्राचार्यांनी अडवलं नाही, फक्त "कॉलेजचं नाव नको" म्हणाले, ते रास्तच होतं.

मग माहिती. सप्टेंबरच्या सुरुवातीला सभासदांना एक गुगल फॉर्म पाठवला: प्रोजेक्ट कधी मंजूर झाला, पहिला हप्ता कधी, दुसरा कधी, फेलोशिप किती महिने थकली, यूसी, म्हणजे पैसे कसे खर्च झाले त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, कधी पाठवली. फॉर्म यायला वेळ लागला, मधे गणपती आले. लोक लिहायला घाबरत होते, नाव बाहेर गेलं तर पुढचा प्रोजेक्ट मिळणार नाही ही भीती सगळ्यांना. आम्ही नाव आणि कॉलेज हे दोन्ही रकाने काढून टाकले तेव्हा कुठं फॉर्म भराभर आले. हे आधीच करायला हवं होतं.

२ सप्टेंबरला आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज, टाकला. केंद्राच्या खात्यांसाठी ऑनलाइन पोर्टल आहे, फी १० रुपये, यूपीआयनं भरता येते. तीन प्रश्न विचारले: आमच्या प्रोजेक्टची यूसी कोणत्या तारखेला मिळाली, ती सध्या कोणत्या टेबलावर आहे, आणि पुढचा हप्ता न सोडण्याचं नोंदवलेलं कारण काय. "उशीर का होतो" असं विचारलं तर उत्तर येत नाही, कारण ते मत झालं. फाईलवर काय लिहिलंय ते मागायचं. नियम ३० दिवसांचा आहे. पहिल्या आठवड्यातच अर्ज कलम ६(३) खाली दुसऱ्या विभागाकडं गेल्याचा मेसेज आला आणि उत्तर आलं ८ ऑक्टोबरला.

त्या उत्तरानं मी हबकले. यूसी पोचली होती, पण तिच्याबरोबर अनुदानावरच्या व्याजाची पावती नव्हती. सरकारी अनुदान बँकेत पडून जे व्याज मिळतं ते भारतकोश पोर्टलवरून परत सरकारजमा करायचं असतं आणि त्याची पावती जोडायची असते. आमच्याकडून ती जोडलीच गेली नव्हती. रक्कम किती, तर १,१४६ रुपये. एवढ्यासाठी एका मुलीची फेलोशिप अडकली. त्या रात्री मला झोप लागली नाही. मी गाईड, सही माझी, आणि मी तो कागद पाहिलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी तिला बोलावून जे झालं ते सांगितलं आणि माफी मागितली. ती एवढंच म्हणाली, "मॅडम, पण आम्हाला कुणी कळवलं का नाही?" तिचा प्रश्न बरोबर होता. पावती नाही एवढी एक ओळीची ईमेल आठ महिन्यांत आम्हाला कुणीही केली नव्हती.

तर दुसऱ्याकडं बोट दाखवायच्या आधी आपली फाईल आपण बघा. यूसी सरकारी आर्थिक नियमांच्या (जीएफआर) १२-ए नमुन्यातच आहे का, खर्चाचं विवरणपत्र आहे का, व्याजाची भारतकोश पावती आहे का, सरकारी पैसे ज्यातून येतात त्या पीएफएमएस यंत्रणेवर बँक खात्याची जोडणी बरोबर आहे का. आमच्या सभासदांपैकी आणखी चौघांची अडचण अशीच निघाली आणि तिघांची फाईल एका फोनवर हलली.

पण सगळ्यांचं तसं नव्हतं. बऱ्याच जणांचे कागद पूर्ण होते आणि तरी हप्ता नव्हता. आणि मूळ प्रश्न राहतोच की, उपकरणाच्या नाहीतर व्याजाच्या कागदात त्रुटी असेल तर त्यासाठी फेलोशिप का थांबावी? मुलीनं काम तर केलेलंच आहे. इथंच आमची मागणी सापडली.

सापडली म्हणजे सहज नाही सापडली. आधी पुष्कळ भांडलो. एका गटाचं म्हणणं, आपण जीडीपीच्या ३ टक्के संशोधनावर खर्च करा हीच मागणी लावून धरायची. ही मागणी जुनी आहे, ९ ऑगस्ट २०१७ ला देशातल्या अनेक शहरांत विज्ञानासाठी मोर्चे निघाले तेव्हा हीच होती, आणि शिक्षणाला १० टक्के. मी पण तेव्हा चालले होते. सरकारच्याच आकडेवारीत भारताचा संशोधनावरचा खर्च २०२०-२१ ला जीडीपीच्या ०.६४ टक्के आहे, चीन दोन टक्क्यांच्या वर आणि दक्षिण कोरिया साडेचारच्या वर, त्यामुळं मागणी खरीच आहे. पण सर म्हणाले, हे घेऊन खासदारांकडं गेलात तर ते म्हणतील "बरोबर आहे" आणि चहा पाजून पाठवतील. कारण त्यावर त्यांना उद्या सकाळी करण्यासारखं काही नसतं. रस्त्यावर ३ टक्के म्हणा, टेबलावर एक वाक्य ठेवा. हे मला तेव्हाही पटलं आणि आज तर जास्तच पटतं.

बाहेरच्या देशांतल्या शास्त्रीय संस्था हे कसं करतात ते मैत्रिणीनं वाचून काढलं होतं. इंग्लंडमध्ये जानेवारी १९८६ ला दीड हजारांवर शास्त्रज्ञांनी वर्गणी काढून द टाइम्समध्ये जाहिरात दिली, ब्रिटिश विज्ञान वाचवा अशी, आणि त्यातून कायमची एक संस्थाच उभी राहिली. तिथंच २०१० ला सगळ्या खात्यांच्या बजेटला कात्री लागणार होती तेव्हा ऑक्टोबरमध्ये लोक पांढरे कोट घालून लंडनला अर्थखात्याच्या दारात उभे राहिले, तेहतीस हजारांवर सह्या जमवल्या, आणि विज्ञानाचं बजेट वाढलं नाही पण वर्षाला ४.६ अब्ज पौंडावर चार वर्षं टिकलं. महागाईनं त्यातलं काही खाल्लं हे खरं, पण शेजारच्या खात्यांचं काय झालं ते बघता ते मोठं होतं. अमेरिकेत १८४८ पासूनची एक मोठी विज्ञानसंस्था आहे, एएएएस, ती दरवर्षी बजेट आलं की त्यातला संशोधनाचा भाग सोडवून मांडते, आणि तिकडच्या अनेक संस्थांचे सभासद गटागटानं आपापल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीच्या ऑफिसात जातात. पंधरा मिनिटं बोलतात आणि एक पानाचं टिपण ठेवून येतात. त्यांच्या वैद्यकीय संशोधनाचं, एनआयएचचं, बजेट १९९८ ते २००३ मध्ये असंच मागे लागून दुप्पट करून घेतलं. पण नंतर ते थबकलं आणि वाढीच्या काळात घेतलेले तरुण संशोधक अडचणीत आले. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटला, की एकदम मोठा आकडा मिळण्यापेक्षा पैशाचा प्रवाह न तुटणं जास्त गरजेचं असतं.

आमचं पहिलं टिपण अकरा पानांचं झालं होतं. सरांनी ते हातात घेतलं, पहिलं पान वाचलं आणि म्हणाले, मला दोन पानं द्या आणि पहिल्या चार ओळीत मला काय करायचंय ते सांगा. पाच वेळा लिहिलं. शेवटी मागणी अशी उतरली: फेलोशिपचा पैसा प्रोजेक्टच्या खर्चाच्या इतर शीर्षकांपासून वेगळा ठेवावा, बाकी कागदात त्रुटी असली तरी तो थांबवू नये, आणि पावसाळ्यावर अवलंबून असलेल्या प्रोजेक्टचा वर्षाचा हप्ता ३१ मेच्या आत सोडावा. नवा एक रुपया मागितला नव्हता. खाली आमच्या फॉर्ममधल्या तीन गोष्टी, नावाशिवाय. आणि एक फोटो, मसाई पठारावरचा, सप्टेंबरमधला. मराठीत एक प्रत, इंग्रजीत एक. मराठीतली आम्ही आधी लिहिली, इंग्रजीतली नंतर, त्यामुळं ती सोपी झाली.

टिपण तयार झालं आणि १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. म्हणजे आमचा सगळा हिशेब चुकला. खासदारांच्या ऑफिसात मी पहिल्यांदा २१ ऑक्टोबरला गेले, बाहेर शंभर एक माणसं, तिकिटाची गडबड, पीए म्हणाले, "मॅडम, इलेक्शन होऊ द्या की, आत्ता सायबांना जेवायला टाइम न्हाई." खोटं नव्हतं ते. दिवाळीनंतर परत गेले, तेव्हा प्रचार. २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला निकाल, आणि २५ पासून संसदेचं हिवाळी अधिवेशन, म्हणजे खासदार दिल्लीत. तिसऱ्या खेपेला पीएंनी स्वतःहून बसवलं, चहा मागवला आणि टिपण वाचलं. त्यांच्या भाचीची पण पीएचडी चालू होती, फेलोशिपचं काय होतं ते त्यांना घरचं माहीत होतं. ८ डिसेंबर, रविवार, सकाळी साडेनऊ, अशी वेळ त्यांनी दिली. मी सगळ्यांना सांगते, पीएंना मधला माणूस समजू नका. टिपण त्यांच्यासाठी लिहा. ते त्यांना कळलं तर ते तुमचं काम पुढं नेतात, नाही कळलं तर ते ढिगात जातं.

८ तारखेला आम्ही चौघं गेलो. धाकधूक होती, मी दोन दिवस आरशासमोर बोलून बघितलं होतं. आत गेल्यावर खासदारांनी पहिलं विचारलं, "किती पैसे पाहिजेत?" मी म्हणाले, "नवे नकोत साहेब. मंजूर आहेत तेच वेळेत पाहिजेत." ते थांबले. मग विचारलं, "यात आपल्या जिल्ह्याचं काय?" याची तयारी होती. राधानगरी २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांपैकी एक, आणि तिथल्या, पन्हाळ्याच्या सड्यांवरच्या वनस्पतींची नोंद करणारी मुलं आपल्याच गावातली आहेत, ती मुलं थांबली तर नोंद थांबते, हे मी सांगितलं. पण खरं काम त्या मुलीनं केलं. तिला बोलायला सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "साहेब, माझे वडील शेतकरी आहेत. पेरणीचं कर्ज दिवाळीला मिळालं तर काय उपयोग? माझं तसं झालंय." आठ मिनिटं मिळाली होती, आम्ही पंचवीस मिनिटांनी बाहेर पडलो.

त्यांनी सांगितलं, मला प्रश्न लिहून द्या. मग कळलं की संसदेत प्रश्न विचारायचं पण शास्त्र आहे. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. प्रत्येक मंत्रालयाचा आठवड्यातला वार ठरलेला असतो. आलेल्या सूचनांतून चिठ्ठ्या काढतात, रोज २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत येतात. तारांकिताला मंत्री उभे राहून उत्तर देतात, त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतो, अतारांकिताचं उत्तर लेखी मिळतं. प्रश्न दीडशे शब्दांच्या आत बसवायचा. आमचा पहिला मसुदा म्हणजे भाषण होतं. दुसऱ्यात फक्त चार उपप्रश्न ठेवले: गेल्या तीन वर्षांत किती प्रोजेक्टची फेलोशिप तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली, त्याची कारणं, फेलोशिपचं शीर्षक वेगळं करण्याचा विचार आहे का, नसल्यास का नाही.

मधे १९ डिसेंबरला भारतकोश पावतीमुळं अडकलेले सहा महिन्यांचे पैसे मुलीच्या खात्यावर आले. ती पेढे घेऊन आली. सगळं मिळालेलं नव्हतं, पण खोलीमालकाचं देणं फिटलं आणि तिनं क्लास सोडला.

३१ जानेवारी २०२५ ला बजेट अधिवेशन सुरू झालं. पहिल्या टप्प्यात आमचा प्रश्न चिठ्ठीत निघालाच नाही. मला वाटलं संपलं. पीए म्हणाले, परत देऊ, त्यात काय. १ फेब्रुवारीच्या बजेटमध्ये १० लाख वाणांसाठी दुसरी जनुकपेढी उभारायची घोषणा झाली, पाच वर्षांत १० हजार पंतप्रधान फेलोशिप, खासगी क्षेत्राच्या संशोधनासाठी २० हजार कोटी. आमच्या विषयाला जनुकपेढीची बातमी फार चांगली होती. पण मुलं विचारत होती, मॅडम, जनुकपेढीत ठेवायचं बियाणं पठारावरून आणणार कोण? २०२३ च्या कायद्यानं आलेल्या, संशोधनाला पैसे देणाऱ्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाबद्दल पण आमचं हेच म्हणणं होतं. पाच वर्षांत ५० हजार कोटींचा आराखडा, त्यातले ३६ हजार कोटी सरकारबाहेरून यायचे. ते यावेत, जरूर यावेत, पण बाहेरच्या पैशाला पठारावरच्या गवतात रस असेलच असं नाही, तिथं सरकारचाच पैसा लागतो आणि तो नियमित लागतो.

बजेट मांडल्यावर अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत संसदेच्या स्थायी समित्या खात्यांच्या अनुदानाच्या मागण्या तपासतात. विज्ञान, तंत्रज्ञान आणि पर्यावरणाची एकच समिती आहे. त्या समितीतल्या सदस्यांची यादी संसदेच्या वेबसाइटवर असते, आम्ही सगळ्यांना दोन पानी टिपण ईमेल केलं आणि स्पीड पोस्टनंही. सगळ्या सदस्यांत मिळून दोघांच्या ऑफिसातून उत्तर आलं. तरी मी म्हणेन पाठवा, कारण त्यातल्या एकानं दिल्लीत भेटायला बोलावलं.

मार्चमध्ये दिल्ली. कोल्हापूरहून निजामुद्दीनला थेट गाडी आठवड्यातून एकदाच आहे, ती धरून मी आणि मैत्रीण मंगळवारी १८ मार्चला निघालो. शिदोरीत भाकरी, खर्डा, दही-भात. राहायला तिच्या चुलतभावाकडं, म्हणून हॉटेल वाचलं. येताना पुण्यापर्यंत रेल्वे आणि पुढं एसटी. दोघींचा जाऊन-येऊन प्रवास, मेट्रो, रिक्षा मिळून अकरा हजार सातशे लागले. पूर्ण अकरा महिन्यांचा खर्च, प्रिंट, स्पीड पोस्ट, चेंज रिपोर्टसकट, वीस हजारांच्या आत बसला, तो सभासदांनी तीनशे-तीनशे, पाचशे-पाचशे काढून दिला. एक पैसा प्रोजेक्टमधून वापरला नाही, ते चालतही नाही.

गुरुवारी २० तारखेला संबंधित खात्यात गेलो. आधी ईमेलवर वेळ घेतलेली असली तरी गेटवर पास काढायला चाळीस मिनिटं गेली, ओळखपत्राची मूळ प्रत लागते, लॅपटॉपची नोंद करावी लागते, आणि आत फोन लावून अधिकाऱ्यांनी हो म्हटल्याशिवाय सोडत नाहीत. मार्च एंड. टेबलावर फाईलींचे गठ्ठे, अधिकारी मॅडमचा फोन सतत वाजतोय. मला वाटलं आता आपल्याला झटकणार. तसं झालं नाही. त्या स्वतः संशोधक होत्या, टिपण वाचून त्यांनी पेन्सिलीनं एका ओळीखाली रेघ मारली आणि म्हणाल्या, हे आम्हाला पण हवंय, पण तुम्ही मार्चमध्ये आलात. चालू वर्षाचे सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचे अंदाज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ठरतात, आम्हाला आमचे आकडे त्याच्या आधी द्यावे लागतात. ऑगस्ट-सप्टेंबरला असा कागद माझ्या हातात असेल तर मी तो जोडू शकते.

एवढं एक वाक्य ऐकायला कोल्हापूरहून दिल्लीला गेलो असं म्हटलं तरी चालेल. आपण बजेट १ फेब्रुवारीला येतं म्हणून जानेवारीत जागे होतो, तोपर्यंत ताट वाढून झालेलं असतं.

संध्याकाळी त्या समितीच्या सदस्यांना भेटलो, दहा मिनिटं. त्यांनी मराठी प्रत पण ठेवून घेतली, त्यांच्या ऑफिसात एक सोलापूरचा मुलगा होता त्याला वाचायला दिली.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात प्रश्न यादीत आला, अतारांकित. उत्तरात आकडे पूर्ण नव्हते, फेलोशिप वेगळी करण्याबद्दल सरळ हो नव्हतं. मी खचले होते खरं तर. सरांनी ते उत्तर दोनदा वाचलं आणि म्हणाले, हप्ता कागद पूर्ण असल्यावर सोडतात असं सरकारनं लेखी दिलंय, आता कागद पूर्ण असलेल्या प्रत्येकानं हे उत्तर जोडून पत्र लिहायचं. तसं नऊ जणांनी लिहिलं. १४ मेला माझ्या जेआरएफ मुलीचे उरलेले सगळे महिने जमा झाले, आणि नऊपैकी पाच जणांचे जूनच्या आत. ते आमच्यामुळं झालं की आपोआप व्हायचंच होतं, हे मी छातीठोकपणे नाही सांगू शकत.

त्यानंतर आठवडाभरात, २० मेला, जयंत नारळीकर सर गेले. जन्मानं ते आपल्या कोल्हापूरचे. त्यांच्यासाठी जमलो होतो तेव्हा तिथंच दोन भौतिकशास्त्राच्या आणि एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी विचारलं, तुमचं टिपण मिळेल का, आमच्या पोरांचं पण असंच आहे. जूनमध्ये त्यांच्याबरोबर बसलो. ५ जूनला खरेदीच्या नियमांत मोठी सूट मिळाली होती, संशोधन संस्थांच्या प्रमुखांना सरकारी पोर्टलच्या बाहेरून उपकरणं घ्यायची मुभा, थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाख. ही मागणी पण शास्त्रज्ञ कितीतरी वर्षं करत होते. रसायनवाले सर ते परिपत्रक छापूनच घेऊन आले होते.

यंदा ती जेआरएफ मुलगी जूनच्या पहिल्या पावसापासून पठारावर आहे. परवा तिनं फोटो पाठवला, पानं नुकती वर आलीत, फुलाला अजून महिना आहे.

यंदाचं टिपण ३१ ऑगस्टच्या आत दिल्लीला पोचवायचंय. त्यासाठी २७ जुलै २०२५ ला, रविवारी दुपारी चारला बैठक ठेवली आहे, नेहमीच्याच जागी, विषय कोणताही असो, ज्यांचा हप्ता किंवा फेलोशिप थकली आहे त्यांनी यावं. येताना मंजुरीपत्र, शेवटच्या यूसीची झेरॉक्स आणि भारतकोशची पावती एवढं घेऊन या. पावती सापडत नसेल तर तसंच या, ती कशी काढायची ते आमची जेआरएफ दाखवेल.